पडद्याविना टॅब्लेटवर हात बसण्यासाठी

दापोली तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांना इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळालेली आहे आणि कागदावर पेन्सिलीने व जलरंगाने त्यांचे काम बरे होते. आंबापेट्यांची लेबले आणि मुलांच्या पुस्तकांतील चित्रे संगणकावर करता यावीत म्हणून त्यांनी पडदा नसलेला लहान पेन टॅब्लेट घेतला, म्हणजे जिच्यावर खास पेन फिरवले की रेषा संगणकाच्या पडद्यावर उमटते अशी सपाट पाटी. त्याचे काम करणारे क्षेत्र १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे आणि तो १५.६ इंची लॅपटॉपला जोडलेला आहे. पंधरा दिवस रोज तासभर सराव करूनही रेषा थरथरते, वर्तुळ आडव्या अंड्यासारखे येते, आडवी रेषा उजवीकडे चढत जाते आणि दोन रेषांची टोके जुळत नाहीत. माझा हातच बिघडला आहे की काय, आणि हा टॅब्लेट विकून पडद्याचा घ्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

तुमचा हात बिघडलेला नाही आणि टॅब्लेट विकण्याचीही घाई नको. रत्नागिरीत राहून गेली चौदा वर्षे मी अशाच टॅब्लेटवर पोट भरतो आहे आणि तुमच्या चारही तक्रारी मी भोगलेल्या आहेत. त्यांपैकी अंड्यासारखे वर्तुळ आणि चढणारी रेषा या दोन निव्वळ मांडणीच्या आहेत. त्या आज संध्याकाळी अर्ध्या तासात जातील. थरथर आणि न जुळणारी टोके या मात्र हात बसण्याच्या गोष्टी आहेत. त्यांना तीन-चार आठवडे लागतील, तेही एका अटीवर: टॅब्लेटची जागा, त्याचा कोन आणि त्याचे सेटिंग या काळात एकदाही बदलायचे नाही. पुढे जे काही लिहिणार आहे ते फिरून फिरून या अटीपाशीच येईल, तेव्हा ती आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही दापोलीचे असल्यामुळे कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवण्याची जाळी आणि पाते लावलेली लांब काठी, तुमच्या हाताखालून कधी ना कधी गेलाच असेल. झेल्याने आंबे उतरवताना काठी छातीशी असते, डोळे वर देठावर असतात आणि मधला सगळा बांबू आपण पाहतही नाही. पहिल्या दिवशी जाळी आंब्याच्या आजूबाजूला नुसती हेलकावत राहते आणि देठ काही पात्यात सापडत नाही. आठवडाभराने तोच माणूस खाली कोणाशी तरी बोलत वरचे आंबे उतरवतो, कारण मनगट इतके वळवले की टोक कुठे जाईल याचा हिशेब हाताला पाठ झालेला असतो. पडद्याविना टॅब्लेटचे शिक्षण हे एवढेच आहे. हात टेबलावर, डोळे पडद्यावर आणि मधले अंतर हाताने पाठ करायचे.

झेल्याचा बांबू जितका लांब तितके टोक जास्त हलते, तसेच इथेही होते. तुमच्या टॅब्लेटची रुंदी १५२ मिलिमीटर आणि लॅपटॉपच्या पडद्याची रुंदी सुमारे ३४५ मिलिमीटर, म्हणजे हाताची प्रत्येक हालचाल पडद्यावर जवळजवळ सव्वादोन पट होऊन उमटते. कागदावर हाताचा अर्धा मिलिमीटर कंप कोणाच्या लक्षातही येत नाही. पडद्यावर तो मिलिमीटरहून मोठा होतो आणि डोळ्यांत खुपतो. हाच टॅब्लेट कोणी २४ इंची मॉनिटरला लावला तर तेच प्रमाण साडेतीन पटीवर जाते. म्हणून लहान टॅब्लेट असणाऱ्याने मोठा मॉनिटर घेण्याची हौस निदान पहिले काही महिने आवरावी, असे मी नेहमी सांगतो.

आता हा हिशेब हाताला पाठ होतो कशामुळे, ते पाहू. माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी बाण जिथल्या तिथे राहतो, पण पेन टॅब्लेटचे तसे नाही. त्याच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू पडद्यावरील एका ठरावीक बिंदूशी बांधलेला असतो. पेन डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात नेले की बाण पडद्याच्या त्याच कोपऱ्यात जातो, आज, उद्या आणि वर्षभराने देखील. (ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवण्यासाठी संगणकात घातलेल्या प्रोग्राममध्ये, ‘माऊस मोड’ नावाचा पर्याय असतो, तो चुकून निवडला गेला असेल तर ही बांधणी तुटते. तेथे ‘पेन मोड’ आहे याची खात्री करून घ्या.) ही बांधणी कायम असते म्हणूनच हात ती शिकू शकतो. तुम्ही टॅब्लेट एक दिवस टेबलावर, दुसऱ्या दिवशी मांडीवर आणि तिसऱ्या दिवशी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून वापरलात, तर हाताच्या दृष्टीने तो रोज वेगळ्या लांबीचा झेला ठरतो.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. माझा पहिला टॅब्लेट मोठ्या शहरातल्या एका दुकानातून घेतलेला जुना, भला मोठा होता. जितका मोठा तितका चांगला, असे दुकानदाराने ठासून सांगितले होते. घरातल्या टेबलावर तो लॅपटॉपपुढे मावेना, म्हणून तो कधी मांडीवर, कधी पाटावर, कधी लॅपटॉपच्या उजव्या अंगाला तिरका असा मी वापरत राहिलो. चार महिने घासूनही रेषा काही वळणावर येईना. शेवटी त्याच्या निम्म्याहून लहान टॅब्लेट घेऊन तो टेबलावर चिकटपट्टीने कायमचा बसवला, आणि सहाव्या आठवड्यात लक्षात आले की आपण बाण शोधणे कधीच सोडून दिले आहे. टॅब्लेट लहान की मोठा यावर लोक फार वाद घालतात. जो तुमच्या टेबलावर पडद्याच्या बरोबर समोर, न हलवता राहील तो योग्य, एवढेच माझे त्यावर मत आहे.

तेव्हा मांडणीपासून सुरुवात करा. लॅपटॉप मागे सरकवून चार-पाच जाड पुस्तकांवर ठेवा, म्हणजे पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या पातळीला येईल. टॅब्लेट त्याच्या पुढे असा ठेवा की पडद्याचा मध्य, टॅब्लेटचा मध्य आणि तुमची बेंबी एका रेषेत येतील. कोपर टेबलावर टेकेल इतकी जागा अलीकडे सोडा. शॉर्टकटसाठी वेगळा साधा कीबोर्ड डाव्या हाताला ठेवता आला तर उत्तम, नाहीतर टॅब्लेटवरच्या दोन-चार बटनांवर पहिले काही दिवस निभावते.

आता उजवीकडे चढणाऱ्या रेषेचे. आपला हात कोपराभोवती फिरतो, त्यामुळे मनाने आडवी वाटणारी रेषा प्रत्यक्षात बहुतेकांची किंचित वर चढते. कागदावर आपण नकळत कागद तिरका करून ते सावरून घेतो. शाळेतल्या वहीची आठवण काढा, ती कधी सरळ ठेवून लिहिली होती का? टॅब्लेटवरही तेच करायचे, पण मोजून. क्रिटा किंवा जो चित्रप्रोग्राम तुम्ही वापरता तो उघडा, पेन डावीकडे टेकवा, डोळे मिटा आणि सहज वाटेल तशी आडवी रेषा उजवीकडे ओढा. डोळे उघडून पाहा. रेषा चढली असेल तर टॅब्लेटची उजवी बाजू किंचित पडद्याकडे ढकला, उतरली असेल तर स्वतःकडे ओढा, आणि पुन्हा डोळे मिटून ओढा. आठ-दहा प्रयत्नांत मिटल्या डोळ्यांची रेषा पडद्याच्या कडेला समांतर येऊ लागेल. ती आली की टॅब्लेटच्या चारही कोपऱ्यांशी टेबलावर रंगीत चिकटपट्टीचे काटकोन चिकटवा. यापुढे टॅब्लेट उचलावा लागला तरी तो त्याच चार काटकोनांत परत बसला पाहिजे.

वर्तुळाचे अंडे होण्याचे कारण निव्वळ गणित आहे. तुमच्या टॅब्लेटची रुंदी उंचीच्या १.६ पट आहे, तर १९२० बाय १०८० च्या पडद्याची १.७८ पट. संपूर्ण टॅब्लेट संपूर्ण पडद्याला जोडलेला असला की हाताने काढलेले खरे वर्तुळ पडद्यावर ११ टक्के जास्त रुंद होते. तुम्ही वर्तुळ बरोबरच काढत होतात. ड्रायव्हरमध्ये मॅपिंगचे, म्हणजे टॅब्लेटचा कोणता भाग पडद्याच्या कोणत्या भागाशी बांधायचा ते ठरवण्याचे पान असते; तेथे प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करा. त्यामुळे टॅब्लेटच्या ९५ मिलिमीटर उंचीपैकी साडेपंच्याऐंशीच वापरात राहतील आणि तळाची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी मुकी होईल. त्या पट्टीचे वाईट वाटून घेऊ नका. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला असेल तर टॅब्लेट दोन्ही पडद्यांवर पसरला जातो आणि वर्तुळ आणखीच आडवे पसरते, म्हणून मॅपिंग एकाच पडद्यापुरते बांधून ठेवा.

ड्रायव्हरविषयी थोडक्यात. आधीच्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर संगणकात शिल्लक असेल तर तो काढून, संगणक पुन्हा सुरू करूनच नवा घाला. दोघांची भांडणे ठरलेली असतात. पेन टेकवून क्षणभर थांबले की गोल कडे उमटत असेल, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील ‘पेन अँड टच’मध्ये जाऊन ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करा. दाब देऊनही रेषा जाड-बारीक होत नसेल, तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये ‘विनटॅब’ आणि ‘विंडोज इंक’ या पेनची माहिती प्रोग्रामला पोचवण्याच्या दोन पद्धतींपैकी जे निवडलेले नाही ते निवडून पाहा. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते, ती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि पेनमधील गुंडाळी त्याला उत्तर देते. बहुतेक पेनांना म्हणूनच बॅटरी लागत नाही. पण म्हणूनच लोखंडी टेबलावर किंवा स्पीकरशेजारी बाण उगाच थरथरू शकतो. पेन स्थिर धरूनही बाण हलत असेल तर आधी टेबल आणि चार्जर तपासा, हाताला दोष नंतर द्या.

आता सरावाकडे वळू, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे. पहिला आठवडा चित्र काढू नका. माऊस कपाटात ठेवा आणि संगणकावरचे प्रत्येक काम पेनने करा: फाइल उघडणे, बातम्या वाचणे, विजेचे बिल भरणे, पत्ते खेळणे. हे रटाळ आहे, पण दिवसभरात शेकडो वेळा लहानशा बटनावर नेम धरून बाण नेला जातो आणि टोके जुळवण्याचा सराव फुकटात होतो.

त्याबरोबर रोज वीस मिनिटे बाराखडी गिरवा. हे वाचून हसू येईल, परंतु देवनागरीइतका चांगला सराव मला कोणत्याही शिकवणीत सापडलेला नाही. रेषांचा सराव म्हणून लोक खोकी आणि नळकांडी काढायला सांगतात; त्यात आकार बरोबर आहे का आणि रेषा बरोबर आहे का, अशा दोन काळज्या एकदम लागतात. अक्षराचा आकार आपल्याला पहिलीपासून पाठ असतो, त्यामुळे चूक दिसली की ती हात-डोळ्याच्या बांधणीचीच. शिवाय शिरोरेघ आडव्या रेषेची परीक्षा घेते, काना उभ्या रेषेची, ‘क’ आणि ‘ळ’ गोलाईची, आणि ‘ज्ञ’ सगळ्यांची. अर्ध्या पडद्याएवढा मोठा ‘क’ लिहा, तोही मनगटाने नव्हे तर कोपरापासून हात हलवून. त्यानंतर त्याची शिरोरेघ एका दमात ओढा आणि ती उभ्या दांडीच्या माथ्यावर नेमकी बसते का ते पाहा. पहिल्या दिवशी माझी शिरोरेघ दांडीच्या वर तरंगत होती, जणू छप्पर उडालेले घर. दहाव्या दिवशी ती टेकली.

रेषा ओढण्याआधी पेन हवेत फिरवण्याची सवय लावा. बहुतेक टॅब्लेट पेनची नीब पृष्ठभागापासून ७ ते १० मिलिमीटर वर असतानाही ओळखतात, म्हणजे न टेकवता बाण हलतो. या सोयीचा उपयोग आमच्या आळीतल्या गणपतीच्या शाळेत मी लहानपणी पाहिला होता, अर्थात तेव्हा टॅब्लेट नव्हता. डोळ्यांची आखणी करणारे काका करंगळी मूर्तीच्या गालावर अलगद टेकवत, कुंचला पापणीच्या वळणावरून हवेतच दोनदा नेत आणि तिसऱ्या वेळी तो टेकवून एका श्वासात पापणी पुरी करीत. आम्हा मुलांना पाट आणि उंदीर रंगवण्यापलीकडे परवानगी नव्हती, म्हणून आम्ही त्यांच्याकडे टक लावून पाहत बसायचो. त्यांची नजर कुंचल्याच्या टोकावर कधीच नसे. पापणी जिथे संपणार तिथे ती आधीच जाऊन बसलेली असे. टॅब्लेटवर नेमके हेच करा. पडद्यावर दोन ठिपके द्या, पेन एकापासून दुसऱ्यापर्यंत हवेत दोनदा न्या, आणि मग दुसऱ्या ठिपक्याकडे पाहत रेषा ओढा. बाणाच्या मागे मागे डोळे फिरवले तर रेषा हमखास लुळी पडते. थरथरीवरही हाच उपाय आहे. फार हळू ओढलेल्या रेषेत हाताचा प्रत्येक कंप नोंदला जातो, तर एका दमात ओढलेल्या रेषेत त्याला शिरायला वेळच मिळत नाही.

थरथर घालवण्यासाठी प्रोग्राममध्ये स्टॅबिलायझर, म्हणजे रेषा आपोआप सफाईदार करणारी सोय, असतो आणि नवशिक्याला तो जादूसारखा वाटतो. क्रिटामध्ये ब्रश स्मूदिंग ‘बेसिक’वर ठेवा आणि त्यापुढे तूर्त जाऊ नका. जोराचा स्टॅबिलायझर लावला की रेषा पेनच्या मागून दोरीने ओढल्यासारखी येते. डोळे आणि हात यांच्यामध्ये एक उशीर शिरतो, आणि तुमचा हात तो उशीरच पाठ करून बसतो. हात बसल्यानंतर लांब, सफाईदार बाह्यरेषांसाठी तो जरूर वापरा, मीही लेबलांच्या कामात वापरतो. झूमचेही असेच आहे. पडदाभर मोठे करून एक एक केस काढत बसलात तर प्रत्येक वेळी हालचाल आणि रेषा यांचे प्रमाण बदलते. पहिल्या महिन्यात एक-दोन ठरावीक झूमवरच काम करा.

कंट्रोल-झेडविषयी, म्हणजे ओढलेली रेषा रद्द करण्याच्या सोयीविषयी, माझे मत जरा कडक आहे. तीन प्रयत्नांत जी रेषा साधली नाही ती तशीच ठेवून पुढे जावे. वीस वेळा पुसून एकविसाव्या वेळी नशिबाने साधलेली रेषा हाताला काहीच शिकवत नाही. कागदावर तुम्ही कधी वीस वेळा खोडलेत का?

दुसऱ्या आठवड्यापासून तुमची जुनी विद्या कामी येईल. तुमच्या पेन्सिलीच्या एखाद्या चांगल्या रेखाचित्राचा वरून सरळ फोटो घ्या, तो प्रोग्राममधल्या खालच्या लेअरवर (थरावर) टाका, फिकट करा आणि वरच्या नव्या लेअरवर तेच चित्र गिरवा. स्वतःचेच चित्र असल्यामुळे रेषा कुठून सुरू झाली आणि कुठे दाबली गेली हे हाताला आठवते, आणि तेच दाब टॅब्लेटवर कसे उतरतात याची तुलना करता येते. तुमचा दाब जास्त पडत असेल असा माझा अंदाज आहे, कारण कागदावर काम केलेले सगळेच सुरुवातीला दाबतात. ड्रायव्हरमधील दाबाची वक्ररेषा, म्हणजे किती दाबाला रेषा किती जाड यावी हे ठरवणारी रेषा, थोडी मऊ करा, सुरुवातीच्या अटीला अपवाद म्हणून एकदाच, आणि मग तिला हात लावू नका. डब्यावर २०४८, ४०९६ की ८१९२ दाबपातळ्या लिहिल्या आहेत यात नवशिक्याला जाणवण्यासारखा फरक नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खालचा फोटो बंद करून तेच चित्र नुसते पाहून काढा, आणि त्यानंतर थेट पडद्यावर नवे.

आता पडद्याच्या टॅब्लेटविषयी. तो हात-डोळ्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवतो, हे खरे. पण त्यासाठी बरेच पैसे जातात, तासन्तास मान वाकवून बसावे लागते आणि स्वतःचा हात चित्राचा एक कोपरा कायम झाकून ठेवतो. सरळ बसून, अख्खे चित्र समोर ठेवून काम करण्याचे सुख पडद्याविना टॅब्लेटवरच आहे, आणि ज्यांच्याजवळ दोन्ही आहेत असे माझ्या ओळखीचे दोघेजण लांबलचक कामाला अजूनही हाच पुढे ओढतात. प्रामाणिकपणे तीन महिने एकाच मांडणीवर काम करूनही टोके जुळली नाहीत, तर मात्र खुशाल बदला. काहींचे खरोखरच जमत नाही.

शेवटी आपल्या हवेविषयी, कारण शहरातल्या सल्ल्यांत हे येत नाही. पावसाळ्यात तळहात दमट होऊन टॅब्लेटला चिकटतो आणि ओढलेली रेषा मधेच अडखळते. जुना सुती मोजा कापून करंगळी व अनामिका झाकणारा हातमोजा करा, विकतच्याची गरज नाही. खारट वाऱ्याने यूएसबीच्या पिना हिरवट पडतात आणि टॅब्लेट मधूनच बंद-चालू होतो, तेव्हा ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी केबल बदलून पाहा. विजा कडाडू लागल्या की चार्जर काढा, आणि प्रोग्रामची आपोआप जतन करण्याची मुदत शक्य तितकी कमी करून ठेवा. जूननंतर रात्री टॅब्लेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा लागेल आणि सकाळी चिकटपट्टीच्या काटकोनांत परत बसवावा लागेल. दमट हवेत ती पट्टी पंधरा दिवसांत सुटते, म्हणून आजच तिच्या कडेने टेबलावर मार्करची बारीक रेघ ओढून ठेवा. नीबही दर आठवड्याला बोटाने चाचपून पाहा. एका बाजूने छिन्नीसारखी धार आली असेल तर ती लगेच बदला, नाहीतर पृष्ठभागावर चर पडतो आणि मग पेन त्या चरातूनच धावू लागते.